क्वार्टरबॅकवर ‘भार टाकला’ म्हणून फ्लॅग : नेमकी चूक मोजतात कुठे?

गिरणाथडी (जळगाव)

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये दोन क्लिपांवरून वाद पेटलाय आणि मिटायचं नाव नाही.

पहिली ९ ऑक्टोबर २०२२ची, फाल्कन्स विरुद्ध बकनीअर्स, आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला सुरू झालेला सामना. बकनीअर्स २१–१५ ने पुढे, थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), तीनेक मिनिटं शिल्लक. फाल्कन्सच्या ग्रेडी जॅरेटने बकनीअर्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) टॉम ब्रेडीला मागून कवळ्यात घेतलं, गरकन फिरवलं आणि पाडलं. साधा सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडणं. फाल्कन्सला चेंडू परत मिळणार होता. रेफरीचा फ्लॅग (फाउलची खूण) पडला, १५ यार्ड आणि फर्स्ट डाउन, म्हणजे बकनीअर्सना नव्याने चार प्रयत्न, विषय संपला.

दुसरी त्याच आठवड्यातली, चीफ्स–रेडर्स, आपल्याकडे मंगळवारी पहाटे पावणेसहाचा. चीफ्सच्या ख्रिस जोन्सने रेडर्सचा क्वार्टरबॅक डेरेक कारला पाडता पाडता हातातला चेंडू हिसकला, चेंडू जोन्सकडेच राहिला, तरी पेनल्टी जोन्सलाच!

ग्रुपमध्ये निम्मे लोक आखाड्यातून आलेले. त्यांचं म्हणणं, अंगावर भार न टाकता माणूस पाडायचा कसा? मला तीन गोष्टी हव्यात. नियमात नेमकं काय लिहिलंय, बचाव करणाऱ्याने पडायचं कसं, आणि हे सगळं रिप्लेवर का तपासत नाहीत. ‘लीगला स्टार जपायचेत’ हे उत्तर ऐकून झालंय, ते नको.

अमळनेरकर

भाऊ, घोळ नावापासून आहे. ‘रफिंग द पासर’ (पासर म्हणजे चेंडू फेकणारा, त्याच्याशी धसमुसळेपणा) हा एक गुन्हा नाही, त्या एका नावाखाली पाच-सहा वेगवेगळे गुन्हे आहेत. शिक्षा सगळ्यांना सारखीच : १५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाउन. पास पूर्ण झालेला असेल तर १५ यार्ड तो खेळ संपला तिथून पुढे. मैदानावर रेफरी माइकवर बहुतेक वेळा नुसतं नाव आणि खेळाडूचा नंबर सांगतो, कोणतं कलम ते सांगत नाही. मग घरी बसून आपण भलत्याच कलमावर भांडतो.

कलमं अशी. चेंडू हातातून सुटल्यावर रशरला, म्हणजे पासरवर धावून येणाऱ्या बचावपटूला, फक्त पहिल्या पावलापर्यंत थेट धडकायची मुभा आहे. दुसरं पाऊल पडलं की अंग आवरायचं. डोक्यावर किंवा मानेवर जोराचा फटका नको, मग तो हाताचा का असेना. हेल्मेटने मारायचं नाही. पासर पॉकेटमध्ये (आपल्या अडवणाऱ्या खेळाडूंच्या आडोशाला) असताना गुडघ्याला किंवा त्याखाली धडकायचं नाही. पासरला विनाकारण उचलून आपटायचं किंवा जमिनीत रेटायचं नाही. आणि शेवटचं, ज्यावर सगळा गदारोळ : पासर फेकण्याच्या अवस्थेत असताना किंवा नुकतंच फेकून झालेलं असताना त्याच्यावर आपलं सगळं किंवा बहुतांश वजन घेऊन पडायचं नाही. हातांनी वेढायचं आणि भार बाजूला काढायचा, असं नियमात स्पष्ट लिहिलंय.

यातली बरीच कलमं कुणाच्या तरी दुखापतीतून आली आहेत. जानेवारी २००६ मध्ये क्वार्टरबॅक कार्सन पामरचा गुडघा गेला, त्याच वर्षी गुडघ्याचा नियम कडक झाला. सप्टेंबर २००८ मध्ये सीझनच्या पहिल्याच सामन्यात जमिनीवर पडलेल्या बर्नार्ड पोलार्डने झेप घेतली आणि ब्रेडीचा गुडघा गेला, तर २००९ मध्ये ‘खाली पडलेल्याने पायावर झेप घ्यायची नाही’ हेही स्पष्ट केलं. वजनाचं कलम आधीपासून पुस्तकात होतं, पण १५ ऑक्टोबर २०१७ ला अँथनी बार क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या अंगावर पडला आणि रॉजर्सचं उजवं कॉलरबोन मोडलं. त्या टॅकलवर फ्लॅग नव्हता! २०१८ मध्ये लीगने रेफरींना या कलमावर बारीक लक्ष ठेवायला सांगितलं आणि तिथून फ्लॅगांचा पाऊस सुरू झाला.

आता जॅरेट. रेफरी जेरोम बोगर सामन्यानंतर बोलले ते वजनाबद्दल नव्हतंच. क्वार्टरबॅक पॉकेटमध्ये असताना त्याला गरज नसताना जमिनीवर फेकलं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तुमच्या ग्रुपचा ‘भार पडला की नाही’ हा वादच त्या क्लिपला लागू नाही. माझं मत विचाराल तर निर्णय चुकीचा होता. धावत येणाऱ्या माणसाने कंबर पकडली की दोघं फिरणारच, तो फिरका वेगाचा असतो, द्वेषाचा नाही. गंमत म्हणजे पडल्यावर जॅरेटला लाथ मारायला गेला म्हणून ब्रेडीलाच ११,१३९ डॉलर दंड झाला.

२०१८ मधल्या पॅकर्सच्या क्ले मॅथ्यूजचंही तेच. पॅकर्स २९–२१ ने पुढे, शेवटची दोन मिनिटं, वायकिंग्जच्या कर्क कझिन्सचा पास पॅकर्सच्याच जायर अलेक्झांडरने पकडला, सामना पॅकर्सच्या खिशात. तेवढ्यात मॅथ्यूजवर फ्लॅग, इंटरसेप्शन रद्द, वायकिंग्जने बरोबरी साधली आणि सामना २९–२९ असाच संपला. जगभर ओरड झाली ती वजनाच्या नियमाच्या नावाने. रेफरी टोनी कोरेंटे यांनी मात्र सांगितलं की वजनाचा संबंध नाही, मॅथ्यूजने उचलून जमिनीत रेटलं.

आणि एक वाक्य ग्रुपच्या भिंतीवर लिहून ठेवा : शंका असेल तर रेफरीने फ्लॅग टाकावाच, अशी सूचना नियमपुस्तकातच आहे. क्रिकेटमध्ये संशयाचा फायदा फलंदाजाला देण्याची सवय झालेल्या आपल्या डोक्याला हे उलटं वाटतं. इथे संशयाचा फायदा पासरला, आणि तोही लेखी.

पांझरा_एक्सप्रेस (धुळे)

अमळनेरकर, जॅरेटपर्यंत मान्य. जोन्सच्या क्लिपबद्दल बोला ना भाऊ, तिथे पुस्तक कमी पडतं.

चेंडू निघाला म्हणजे पास नाही, फम्बल आहे. चेंडू मोकळा, कुणीही उचलावा. मग कार ‘पासर’ राहिला कुठे? शिवाय जोन्सचं वजन १४० किलोच्या आसपास, एका हातात चेंडू, दुसरा हात त्याने जमिनीवर टेकवायचा प्रयत्न केलेला दिसतो. १४० किलोचा माणूस मागून धावत येऊन एका हातावर किती भार झेलेल? चेंडू सोडून दोन्ही हात टेकवायचे होते का त्याने? मग खेळायचं कशाला!

अमळनेरकर

रेफरी कार्ल चेफर्स यांचं स्पष्टीकरण होतं की कार फेकण्याच्या पवित्र्यात होता, म्हणून पासरचं पूर्ण संरक्षण त्याला होतं, आणि चेंडू सुटला म्हणून ते त्या क्षणी संपत नाही. तो स्वतःला सावरू शकेल अशा अवस्थेत येईपर्यंत ते चालू राहतं. तर्काला धरून आहे. चेंडू हातातून गेला हे त्याच्या बरगड्यांना थोडंच कळतं?

पण ‘बहुतांश वजन’ पडलं का, यावर मी तुमच्याच बाजूने. टेकवलेला हात दिसत असताना फ्लॅग टाकायला नको होता. रेडर्सने त्यावर तीन पॉइंट काढले, तरी शेवटी चीफ्स ३०–२९ ने जिंकले म्हणून ते प्रकरण थंड झालं. हरले असते तर आजही पेटलेलं असतं.

एक संदर्भही लक्षात घ्या. त्याच्या दहा-बारा दिवस आधी, २९ सप्टेंबरला, मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ मैदानावर आपटून बोटं ताठ झालेल्या अवस्थेत सगळ्यांनी पाहिला होता. लीगने रेफरींना नवीन सूचना दिली असं मी म्हणत नाही, पण ते दृश्य डोक्यात असताना पांढऱ्या टोपीतला रेफरी फ्लॅगकडे हात लवकर नेणार, हे उघड आहे.

वस्ताद_चाळीसगाव

पडायचं कसं, ते मी सांगतो. आखाड्यातल्या मंडळींची अडचण खरी आहे. कुस्तीत ढाक मारली की आपण मुद्दाम प्रतिस्पर्ध्याच्या वर पडतो, कारण त्याची पाठ लागली तरच कुस्ती चितपट. फुटबॉलमध्ये पाठ लावायचीच नसते. त्याचा गुडघा टेकला की खेळ संपला. तेव्हा शेवटचा अर्धा मीटर जो आपण जोर लावून पूर्ण करतो, तोच इथे गुन्हा.

१. रोख. काखेपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत, एवढीच जागा. डोकं त्याच्या छातीसमोर नाही, बाजूला. समोरून आलात तर आपलं डोकं त्याच्या फेकणाऱ्या हाताच्या बाजूला ठेवा आणि त्याच बाजूचा आपला हात चेंडूकडे. दुसरा हात कमरेला.

२. नजर. चेंडूकडे बघू नका, बिनफेकीच्या हाताकडे बघा. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा हात चेंडूवरून सुटला की फेक सुरू झाली. तिथून पुढचं पाऊल लहान टाका. लांब पाऊल टाकून उडी घेतली की थांबायला जमीनच नसते.

३. कंबर फिरवणं. सगळा खेळ इथे. छातीला छाती लागली त्याच क्षणी आपली बाहेरची कंबर मागे काढायची, म्हणजे आपण त्याच्या समोर न राहता कुशीला येतो. पडताना आधी आपला खांदा आणि कूल्हा जमिनीला लागला पाहिजे, तो आपल्या शेजारी किंवा आपल्या अंगावर आला पाहिजे. रेफरीला दोघांच्या मध्ये जमीन दिसली की फ्लॅग क्वचित पडतो.

४. पाठीमागे हात गुंफू नका. ही चूक पहिलवान सर्वात जास्त करतात. कवळी घट्ट बसली, बोटं अडकली, मग टेकवायला हात उरत नाही आणि सरळ त्याच्यावर. एक हात वेढा, दुसरा मोकळा.

चुकतं कुठे ते सांगतो. पाय थांबले आणि फक्त हात पुढे गेले, तर माणूस खाली घसरतो आणि गुडघ्यांवर जातो. आपला एकेरी पट तो, इथे १५ यार्ड. उंच पकडलं, म्हणजे खांद्याच्या वर, तर गोफण फिरवल्यासारखा तो फेकला जातो. जॅरेटची पकड खालीच होती, पण फिरका तसाच दिसला. आणि रेटा चालू ठेवला, पडल्यानंतरही पाय मारत राहिलात, तर ‘जमिनीत रेटलं’ हे कलम आपोआप लागतं.

हिशोब सोपा आहे. एक मीटर उंचीवरून नुसतं पडलं तरी जमिनीला लागताना वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या जवळ असतो, धावण्याचा वेग वेगळा. खाली खांदा, वर १२०–१४० किलो. रॉजर्सचं कॉलरबोन तसंच गेलं.

पण याची दुसरी बाजूही आहे. २०१८ च्याच सप्टेंबरमध्ये मायामीचा विल्यम हेज कारला सॅक करताना भार टाळायला गेला आणि त्याचा स्वतःचा गुडघ्याचा लिगामेंट फाटला. कोचने तसं उघड सांगितलं. पाय रोवलेला असताना वरचं अंग फिरवलं की गुडघा पिळतो. म्हणून आधी पाय सुटला पाहिजे, मग कंबर.

केळीबाग (रावेर)

हाई बरं शे भो! क्वार्टरबॅकला सांभाळायचं, आणि सांभाळणाऱ्याचा गुडघा गेला तर त्याला कोणतं कलम?

जंक्शन_भुसावळ

रिप्लेचा प्रश्न राहिला, तो घेतो.

कोचला या फ्लॅगवर चॅलेंज करता येत नाही. २०२३ मध्ये रॅम्सने ही पेनल्टी रिप्लेखाली आणायचा प्रस्ताव मांडला होता, तो मंजूर झाला नाही. लीग घाबरते त्याला कारण आहे. २० जानेवारी २०१९ ला रॅम्स–सेंट्स सामन्यात उघडउघड पास इंटरफिअरन्स (चेंडू येण्याआधीच पकडणाऱ्याला अडवणं) सुटला, त्या संतापात २०१९ च्या सीझनला पास इंटरफिअरन्स रिप्लेवर तपासायचं ठरलं. वर्षभर कुणालाच कळेना की कशाला उलटवतात आणि कशाला नाही. एका सीझनमध्ये गुंडाळलं.

माझ्या मते इथे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. ‘लागला की नाही’ हे कॅमेरा सांगू शकतो. योगायोग बघा, त्याच २० जानेवारीला चीफ्स–पेट्रियट्स सामन्यात ख्रिस जोन्सवरच ब्रेडीच्या डोक्याला हात लावल्याचा फ्लॅग पडला. कॅमेऱ्यात हात हेल्मेटला लागलेला दिसत नाही, खांद्याजवळून जातो. दहा सेकंदात निकाल लागणारी गोष्ट, पण तपासायची सोयच नव्हती. पेट्रियट्स जादा वेळेत ३७–३१ ने जिंकले.

‘किती भार’ हे मात्र कॅमेरा सांगत नाही. स्लो मोशनमध्ये प्रत्येक टॅकल मुद्दाम केल्यासारखा दिसतो, आणि थांबवलेल्या चित्रात प्रत्येक रशर पूर्ण अंगाने वर पडलेलाच दिसतो. तुमच्या ग्रुपचं भांडण मिटत नाही ते यामुळेच, गिरणाथडी. पॉज दाबणं बंद करा, नेहमीच्या वेगाने तीनदा बघा.

२०२५ पासून रिप्ले असिस्टची (रिप्ले बघून मैदानावरच्या अधिकाऱ्यांना मदत) व्याप्ती वाढवली आहे. फेसमास्क (हेल्मेटची जाळी धरणं), हॉर्स कॉलर (मागून कॉलर धरून ओढणं), ट्रिपिंग (पाय घालून पाडणं), असुरक्षित अवस्थेतल्या खेळाडूच्या डोक्या-मानेवरचा फटका अशा फ्लॅगांत संपर्कच झाला नसेल तर तो उचलता येतो. नवीन फ्लॅग टाकता येत नाही. वजनाचं कलम त्यात नाही, आणि मला वाटतं नसावंच.

रेफरी उभा कुठे असतो तेही बघा. क्वार्टरबॅकच्या मागे दहा-बारा यार्डांवर, फेकणाऱ्या हाताच्या बाजूला. पास सुटल्यावर तो चेंडूमागे बघतच नाही, पासरवरच नजर ठेवतो. पण रशर समोरून आला तर रेफरीला पासरची पाठ दिसते, रशरचा टेकवलेला हात पलीकडे लपतो. ख्रिस जोन्ससारखा मागून आला तर रशरची रुंद पाठ दिसते, खाली काय चाललंय ते नाही. दोन्हीत अंदाजच.

पांझरा_एक्सप्रेस (धुळे)

पॉज दाबू नका हे पटलं. पण मग फ्लॅगही पाठीवरून अंदाजाने टाकू नका की. सात अधिकारी मैदानावर असतात, रेफरीखेरीज अंपायर नावाचा अधिकारीही २०१० पासून आक्रमणाच्याच बाजूला मागे उभा असतो. त्याचा कोन वेगळा. दोघांनी अर्धं मिनिट बोलून फ्लॅग उचलायला कोणत्याही नव्या नियमाची गरज नाही.

अमळनेरकर

बरोबर, उचलता येतो. पण ‘शंका असेल तर टाका’ लिहिलेलं असताना ‘शंका आहे’ म्हणून उचलणार कोण?

बाय द वे, दंड आणि फ्लॅग एक समजू नका. सामन्यानंतर लीगचं ऑफिस वेगळं फिल्म बघतं. फ्लॅग नसलेल्या फटक्यालाही दंड होतो, फ्लॅग पडलेल्याला कधी होत नाही. अपील लीग आणि खेळाडू संघटना या दोघांनी मिळून नेमलेल्या माणसाकडे जातं. वादग्रस्त फ्लॅगबद्दल लीगला मनातून काय वाटतं, हे बघायचं असेल तर शनिवारची दंडाची यादी बघा.

गिरणाथडी (जळगाव)

खूप मदत झाली मंडळी. एक खुलासा हवा. पॉकेटबाहेर पळत फेकणाऱ्याला हेच सगळं लागू का? आणि वस्ताद, आमच्याकडे पोरं कॉलेजच्या मैदानावर सराव करायचं म्हणतात. पॅड नाहीत, हेल्मेट नाहीत. भार बाजूला काढायचा सराव कशावर करायचा?

अमळनेरकर

पळत फेकत असेल तर एका पावलाचं आणि गुडघ्याचं संरक्षण जातं, डोकं, वजन वगैरे बाकी राहतं. पॉकेटबाहेर थांबून पाय रोवले आणि फेकायला उभा राहिला की सगळं परत येतं. चेंडू घेऊन पुढे पळाला तर तो धावपटू, पण पाय पुढे करून घसरला की खेळ तिथेच मेला, मग त्याला हात लावायचा नाही. रॉजर्सचा टॅकल पॉकेटबाहेर पळता पळताच झाला होता, तेव्हाच्या रेफरीला त्यात काही वावगं दिसलं नाही.

वस्ताद_चाळीसगाव

पॅड-हेल्मेट नसताना माणसावर टॅकल अजिबात नाही. दिवाळीनंतर आपली काळी माती वाळून भेगा पडतात, त्यावर पडलात तर कूल्ह्याचं सालपट निघेल, नाहीतर मनगट जाईल. कुस्तीची मॅट मिळाली तर उत्तम, नाहीतर कबड्डीच्या मॅटचे दोन थर.

पोतं घ्या, ज्यूटचं. त्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या आणि लाकडाचा भुसा ठासून भरा, वजन ३५–४० किलो. वाळू नको, ती तळाशी बसते आणि पोतं दगड होतं. उंची पाच फूट ठेवा, मधोमध आणि खांद्याच्या उंचीवर अशा दोन रंगीत पट्ट्या बांधा. हात त्या दोन पट्ट्यांच्या मध्येच लागले पाहिजेत.

पहिला आठवडा गुडघ्यांवर बसून. एकाने पोतं उभं धरायचं, दुसऱ्याने एका हाताने वेढून कुशीला पाडायचं, आपला खांदा आधी. मग उभं राहून, एक पाऊल मागून. मग तीन यार्डांवरून, पण शेवटचं पाऊल लहान. पोतं धरणाऱ्याने मधेच ‘गेला’ असं ओरडायचं, म्हणजे चेंडू सुटला. ओरडल्यावर एकाच पावलात हात उघडे करून बाजूने निघून जायचं, पोत्याला धक्का लागला तर फेरी बाद. ही फेरी पाडण्याच्या फेऱ्यांइतकीच करा, बहुतेक ठिकाणी ही कुणी करतच नाही. डावी-उजवी दोन्ही कूस सारखी. पोतं अंगाखाली आलं की चुकलं, शेजारी आलं की बरोबर, निकाल लावायला रेफरी लागत नाही.

सामने खेळायचे तर फ्लॅग फुटबॉल खेळा, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तोच आहे. पाच-पाच जणांचा, रशर रेषेपासून सात यार्ड मागून सुटतो, पासरच्या कमरेची पट्टी ओढायची, अंगाला किंवा फेकणाऱ्या हाताला धक्का लागला की फाउल. सात यार्ड म्हणजे साडेसहा मीटरला थोडं कमी, चुन्याने आखून ठेवा. तिथे पोरं सुरुवातीला चेंडू अडवायला हात वर करून उडी मारतात आणि उतरताना पासरवर आदळतात. उडी जागच्या जागी, पुढे नाही.

गिरणाथडी (जळगाव)

पोत्यांचं बघतो, मार्केट यार्डात मिळतील. पांझरा, जोन्सच्या क्लिपचा मागच्या बाजूचा कोन तुमच्याकडे असेल तर टाका इथे, नेहमीच्या वेगातला.